नम्रतेचा उपदेश कुणाला? मराठी मंडळ्यांच्या पाळकांना आणि पास्टरेट कमिट्यांना खुले पत्र

सन्माननीय पाळकसाहेब, तसंच मंडळीचा कारभार पाहणाऱ्या पास्टरेट कमिट्यांचे सेक्रेटरी, खजिनदार आणि सर्व सभासद,

प्रभूमध्ये सलाम.

आता नाताळच्या तयारीच्या बैठका सुरू होतील. कॅरलचे गट ठरतील, मांडववाल्याला आगाऊ रक्कम दिली जाईल, प्रीतिभोजनाच्या वर्गणीचा आकडा निघेल. त्या बैठकांमध्ये आणखी एक विषय घ्यावा, अशी विनंती करायला हे पत्र लिहिते आहे. मंडळीत पुलपिटवर म्हणजे उपदेशाच्या मंचावर, माइकसमोर किंवा पहिल्या बाकावर कधीच न दिसणारी माणसं असतात. त्यांच्या वाट्याला आपल्याकडून बहुतेक वेळा एकच गोष्ट येते, नम्र राहण्याचा उपदेश. हा उपदेश आपण चुकीच्या माणसांना करतो आहोत, असं मला मनापासून वाटतं.

मी निवृत्त शिक्षिका आहे. आमच्या मंडळीत महिला मंडळाबरोबर प्रभुभोजनाच्या, म्हणजे उपासनेत भाकर आणि द्राक्षरस वाटण्याच्या विधीच्या, तयारीचं काम करते. मंडळीचं नाव मुद्दाम लिहीत नाही. माझं माहेर एका तालुक्यात, सासर दुसऱ्यात, बहिणी मुंबई-पुण्याला. सगळीकडच्या उपासनांना मी बसले आहे आणि सगळीकडे चित्र थोड्याफार फरकाने हेच दिसलं आहे. त्यामुळे एका मंडळीकडे बोट दाखवण्यात अर्थ नाही.

प्रभुभोजनाच्या आदल्या दिवशी काय होतं, हे आपल्यापैकी किती जणांनी पाहिलं असेल, ठाऊक नाही. आमच्याकडे काळ्या मनुका आदल्या दिवशी सकाळी भिजत घालतात. संध्याकाळी त्या मंद आचेवर उकळतात, गार झाल्या की हाताने कुस्करतात आणि पातळ मलमलच्या फडक्यातून दोनदा गाळतात. एकदाच गाळलं तर पेल्यांच्या तळाशी साका राहतो. मग काचेचे ते इवलेसे पेले मोजायचे, उजेडात धरून पाहायचे, टवका उडालेला एखादा असला तर बाजूला काढायचा, कारण म्हाताऱ्या माणसाचा ओठ कापायला तेवढा पुरे. उपासना संपली की तेच पेले मागच्या मोरीवर येतात. उरलेला रस गटारात जाऊ द्यायचा नाही, म्हणून तो झाडाच्या मुळाशी ओततात. पांढरी वस्त्रं वेगळी भिजवतात, कारण मनुकांचा डाग वाळला की निघत नाही. हे सगळं होईपर्यंत बाकीची मंडळी घरी जेवायला बसलेली असते.

या कामाचा कुणाला कंटाळा नाही. हे मी अगदी ठासून सांगते, कारण पुढे जे लिहिणार आहे त्याचा अर्थ रडगाणं असा लावला जाईल. मनुका कुस्करता कुस्करता आमच्यातल्या बायका एकमेकींसाठी प्रार्थना करतात. कुणाच्या घरात आजारपण आहे, कुणाचा मुलगा दारूला लागला आहे, कुणाची सून माहेरी निघून गेली आहे, हे पाळकसाहेबांच्या आधी त्या मोरीवर कळतं आणि तिथेच त्यासाठी गुडघे टेकले जातात. आमच्यातल्या एक मावशी गेली कित्येक वर्षं सरकारी दवाखान्यात जाऊन, ज्यांच्याजवळ कुणी नातेवाईक नाही अशा बाया-बापड्यांचे केस विंचरतात, नखं कापतात. आपलं नाव चर्चच्या अहवालात येऊ नये म्हणून त्या सेक्रेटरींना हात जोडून सांगतात. त्यांनी ही सेवा स्वतः होऊन पत्करली आहे. तिच्यातला आनंद त्यांच्या चेहऱ्यावर दिसतो. अशा सेवेला धक्का लागावा असं माझ्या स्वप्नातही नाही.

पण नम्रता स्वतः पत्करणं वेगळं आणि दुसऱ्याकडून ती वसूल करणं वेगळं.

केअरटेकरचं उदाहरण घ्या. 24 डिसेंबरच्या मध्यरात्रीच्या उपासनेत आपण सगळे मेणबत्त्या पेटवतो. दिवे मालवले जातात, शांत रात्रीचं गीत होतं, लहान मुलं हातातली मेणबत्ती वाकडी धरतात. उपासना संपल्यावर फोटो काढून आपण निघतो. त्यानंतर एक माणूस सबंध फरशीवर उकिडवा बसून पत्र्याच्या तुकड्याने मेण खरवडतो. गार पडलेलं मेण सहज सुटत नाही. बाकांच्या पायांशी, दोन फरश्यांच्या सांध्यात ते जाऊन बसतं. खरवडून झालं की घासलेटचा बोळा फिरवायचा, मग घासलेटचा वास जावा म्हणून साबणाच्या पाण्याने पुसायचं, कारण सकाळी नाताळची उपासना आहे आणि नव्या साड्या नेसून बायका येणार आहेत. सकाळी घंटाही तोच वाजवतो. त्याच्या स्वतःच्या मुलांचा नाताळ दुपारी सुरू होतो.

या माणसाला पगार किती, हे आपापल्या मंडळीच्या हिशेबाच्या वहीत काढून पाहा. नेमणुकीचं पत्र आहे का, तेही पाहा. कंपाउंडमधली खोली त्याला राहायला दिली आहे हे खरं, पण ती कुठल्या अटीवर, हे कुठे लिहिलेलं आहे? कमिटी बदलली की त्याच्या बायकोच्या पोटात गोळा येतो. एका मंडळीत असाच एक जण पगारवाढ मागायला कमिटीसमोर उभा राहिला, तेव्हा मी कामानिमित्त शेजारच्या खोलीत होते. त्याला उत्तर मिळालं, “अरे, ही देवाची सेवा आहे, देव पाहतोय.” तो मान खाली घालून बाहेर आला. देव पाहतो आहे हे त्याला माहीत होतंच. कमिटी पाहते आहे का, हे विचारायला तो गेला होता.

पवित्र शास्त्रात देव नेमकं काय पाहतो, हेही लिहून ठेवलेलं आहे. मजुराची मजुरी रात्रभर सकाळपर्यंत आपल्याजवळ ठेवू नको, असं लेवीय 19 मध्ये सांगितलं आहे. शेत कापणाऱ्या ज्या मजुरांची मजुरी अडकवून ठेवली, तिची हाक सेनाधीश प्रभूच्या कानी गेली आहे, असं याकोबाच्या पत्राच्या 5 व्या अध्यायात आहे. उजवा हात काय करतो ते डाव्याला कळू देऊ नका, हे मत्तयातलं वचन आपण फार आवडीने वापरतो. पण ती आज्ञा दान देणाऱ्याला आहे. आपल्या दानाचा गाजावाजा करू नको, असं येशू दात्याला सांगतो. राबणाऱ्याची दखल घेऊ नका, असं त्याने कुठल्याही खजिनदाराला सांगितलेलं नाही.

योहानाच्या शुभवर्तमानाच्या 13 व्या अध्यायात भोजनावरून उठून, बाहेरची वस्त्रं काढून, कमरेला रुमाल बांधून, गंगाळात पाणी ओतून पाय धुतो तो गुरू. शिष्यांना समोर बसवून त्याने नम्रतेवर व्याख्यान दिलं नाही. आधी धुतले, मग पुन्हा बसून विचारलं, मी काय केलं ते तुम्हांला समजलं का? खालच्या जागी जाण्याची आज्ञा वर बसलेल्याने आधी स्वतः पाळली. काही मंडळ्यांमध्ये शुभ शुक्रवारच्या आदल्या संध्याकाळी पाय धुण्याचा विधी होतो. मी पाहिलेल्या अशा विधींत बसवलेले बारा जण बहुतेक कमिटीतले किंवा मंडळीतले मान्यवर असत. पाणी कोमट करून आणून ठेवणाऱ्याचे पाय कुणी धुतल्याचं मला आठवत नाही. पुढच्या वेळी त्याला बसवा.

प्रेषितांच्या कृत्यांमधला 6 वा अध्याय तर प्रत्येक पास्टरेट कमिटीने वर्षातून एकदा एकत्र बसून वाचावा. यरुशलेमच्या मंडळीत रोजच्या वाटपात ग्रीक बोलणाऱ्यांच्या विधवांची आबाळ होत होती. कुरकुर झाली. प्रेषितांनी त्या विधवांना सहनशीलता शिकवली नाही. वचनाची सेवा सोडून पंक्तीची सेवा करणं आपल्याला योग्य नाही, असं त्यांनी म्हटलं हे खरं, आणि तेवढंच वाक्य काढून स्वयंपाकघराकडे पाठ फिरवणारे पुढारी मी पाहिले आहेत. पण पुढे वाचा. जेवणाच्या वाटपासाठी त्यांनी आत्म्याने आणि ज्ञानाने पूर्ण अशी सात माणसं निवडायला लावली, प्रार्थना केली, त्यांच्यावर हात ठेवले, आणि ते काम पूर्णपणे त्यांच्या हाती सोपवलं. सातांचीही नावं शास्त्रात आहेत. त्यातला पहिला स्तेफन, मंडळीचा पहिला हुतात्मा. ताटं वाढण्याच्या कामाला पहिल्या मंडळीने दिलेला हा मान आहे. आपल्याकडे प्रीतिभोजनाला वाढपी कोण, हे आयत्या वेळी हाका मारून ठरतं आणि ताटं उचलायला महिला मंडळ असतंच, असं गृहीत धरलेलं असतं.

रोमकरांस पत्राच्या शेवटच्या अध्यायात पौल तर एकामागून एक नावं घेत जातो. किंख्रियाच्या मंडळीची सेविका फिबी, पुष्कळ श्रम केलेली मरीया, त्रुफैना आणि त्रुफासा, प्रिय पर्सिस. इतकंच काय, पौल सांगेल ते लिहून घेणाऱ्या तर्तियालाही मध्येच स्वतःच्या नावाने सलाम सांगायला जागा मिळाली आहे. एवढ्या गहन पत्रात लेखनिकाच्या एका ओळीसाठी जागा होती.

आता एक गोष्ट जरा स्पष्टच लिहिते, कारण ती आपल्या मराठी मंडळीच्या मुळाशी आहे. आपल्यापैकी पुष्कळांचे पणजोबा-खापरपणजोबा महारवाड्यातून, मांगवाड्यातून ख्रिस्ताकडे आले. अहमदनगर, म्हणजे आताचा अहिल्यानगर जिल्हा, जालना, सोलापूर, कुठल्याही जुन्या मंडळीचं बाप्तिस्म्याचं रजिस्टर उघडा. ती माणसं गावकीची वेठ करत होती. गावची राखण, सांगावे, मेलेली जनावरं ओढणं, वेशीवर उभं राहणं, आणि बदल्यात शिळं अन्न. महार वतनं कायद्याने रद्द व्हायला 1958 साल उजाडावं लागलं. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी त्या वतनांविरुद्ध आधी कितीतरी वर्षं आवाज उठवला होता. ज्या माणसांना पिढ्यान्‌पिढ्या खाली बसायला लावलं गेलं, त्यांना मंडळीत येऊन सगळ्यात आधी काय मिळालं? आपलं नाव मिळालं. रजिस्टरमध्ये बापाच्या नावासकट लिहिलेलं. एका भाकरीतला तुकडा आणि एका पेल्यातला घोट सगळ्यांबरोबर मिळाला. अशा मंडळीत झाडणाऱ्याला, पुसणाऱ्याला, भांडी घासणारीला “तू लीन राहा” असं सांगताना आपल्या जिभेने अडखळायला हवं. लीन राहण्याचा जुलूम त्यांच्या घराण्याने कुणी शिकवण्याआधीच सोसला आहे. नम्रता शिकायची वेळ आता माझ्यासारख्या शिकल्या-सवरलेल्यांची, पेन्शनवाल्यांची, ज्यांच्या हाती पावतीपुस्तक आणि सहीचा अधिकार आहे त्यांची आहे.

आपल्या इतिहासानेही या बाबतीत थोडा कानाडोळाच केला आहे. मिशनच्या जुन्या अहवालांत साहेब आणि मडमांची नावं पूर्ण असत आणि बायबल स्त्रिया, कॅटेकिस्ट म्हणजे धर्मशिक्षण देणारे सेवक, खेड्यातले मास्तर बहुतांशी तक्त्यातल्या आकड्यांत मोजले जात. उन्हातान्हात घरोघर जाऊन, वाचता न येणाऱ्या बायकांना ओव्यांच्या चालीवर वचन शिकवणाऱ्या त्या बायबल स्त्रियांवर आपल्या खेड्यातल्या मंडळ्या उभ्या राहिल्या. केडगावच्या मुक्ती मिशनमध्ये पंडिता रमाबाईंनी हिब्रू आणि ग्रीक शिकून संपूर्ण बायबलचं सोप्या मराठीत भाषांतर केलं. 5 एप्रिल 1922 रोजी त्या प्रभूकडे गेल्या, आणि 1924 साली ते बायबल प्रसिद्ध झालं. रमाबाई आपल्याला ठाऊक आहेत आणि ठाऊक असल्याच पाहिजेत. पण मुक्तीचा छापखाना तिथल्या बायका-मुलींनी चालवला. दुष्काळातून वाचवून आणलेल्या, काहींना आधी अक्षरओळखही नसलेल्या. छपाईचे खिळे, म्हणजे धातूची अक्षरं, जुळवायची म्हणजे प्रत्येक अक्षर उलटं वाचायचं, आणि मराठीत काना, मात्रा, रफार, जोडाक्षरं. एक वेलांटी चुकली तर वचनाचा अर्थ बदलतो. एवढं नाजूक काम रमाबाईंनी त्यांच्यावर सोपवलं. त्यांना काम शिकवलं, विश्वास टाकला, हातात कौशल्य दिलं, स्वतःच्या पायावर उभं केलं. पडद्यामागच्या माणसांशी कसं वागावं याचा यापेक्षा चांगला मराठी दाखला मला माहीत नाही.

लक्ष्मीबाई टिळकांचंही सांगते. त्यांचे पती रेव्हरंड नारायण वामन टिळक यांनी ‘ख्रिस्तायन’ हे येशूच्या चरित्रावरचं काव्य सुरू केलं, पण 1919 साली ते गेले तेव्हा सुरुवातीचे थोडेच अध्याय झाले होते. पुढचे साठाहून अधिक अध्याय लक्ष्मीबाईंनी रचले, ज्यांना शाळेचं तोंडही पाहायला मिळालं नव्हतं. तरी आपल्या मंडळ्यांमध्ये ‘ख्रिस्तायन’ म्हटलं की अजून बहुतेकांच्या तोंडी टिळकांचंच नाव येतं.

मग करायचं काय? शाल-श्रीफळ मागत नाही. कृपा करून तो सत्कार नको. केअरटेकरला व्यासपीठावर बोलावून शाल घातली, टाळ्या वाजल्या, फोटो ग्रुपवर पडला, की कमिटीला आपलं कर्तव्य झाल्यासारखं वाटतं आणि सोमवारी सगळं जिथल्या तिथे. दवाखान्यात जाणाऱ्या त्या मावशींना तर तसा सत्कार शिक्षाच वाटेल.

पहिली गोष्ट पगाराची, आणि तिच्यावर मी सगळ्यात जास्त भर देते. केअरटेकर, झाडूवाली, वॉचमन, ऑफिसातला मुलगा, जो कुणी मंडळीसाठी मजुरीवर राबतो, त्याला नेमणुकीचं पत्र द्या. पगार किमान वेतनाखाली नको. रविवार हा त्याचा कामाचा दिवस आहे, तेव्हा आठवड्यातला दुसरा एक दिवस त्याचा स्वतःचा असू द्या, आणि त्या दिवशी घंटा कमिटीतल्या कुणीतरी वाजवावी. भविष्यनिर्वाह निधीचा कायदा सक्तीने लागू होतो तो साधारणपणे वीस किंवा त्याहून जास्त कामगार असलेल्या ठिकाणी, हे खजिनदारांना चांगलं माहीत असतं, आणि आपल्याकडे तर दोन-तीनच माणसं, म्हणून विषय तिथेच संपतो. कायद्याची सक्ती नसली तरी करायला मनाई कुठे आहे? त्याच्या नावाने बँकेत किंवा पोस्टात दर महिन्याला मंडळीचा वाटा जमा करा. पासबुक त्याच्या हातात द्या. सरकारी विमा योजनांचे फॉर्म भरून द्यायला आपल्या तरुण संघातली मुलं अर्ध्या तासात मदत करतील. आणि खोलीबद्दल जे ठरलं आहे ते लिहून द्या, म्हणजे दर निवडणुकीनंतर त्याला नव्या कमिटीच्या दारात उभं राहावं लागणार नाही.

रविवारच्या शाळेच्या शिक्षिका पदरमोड करून खडू, चार्ट, रंगपेट्या आणि मुलांची बिस्किटं आणतात. ती रक्कम लहान असते म्हणून कुणी मागत नाही. बजेटमध्ये तिची एक ओळ टाका. साउंड आणि कॅमेऱ्याचं काम करणारी मुलं उपासनेला येऊनही उपासनेत बसू शकत नाहीत. त्यांच्या पाळ्या लावा, कमिटीतल्या एकाने ते काम शिकून घ्यावं. हे फार अवघड नाही.

महिला मंडळाविषयी मला जास्त बोलायचं आहे. कापणीच्या सणाला लिलावात जे लोणचं, करंज्या, गोधड्या जातात, त्या बायकांच्या हातच्या. जमलेली रक्कम मंडळीच्या खात्यात जाते आणि ती कशावर खर्च व्हावी हे ठरवताना त्या खोलीत बायका एक-दोन, त्याही बहुतेक वेळा चहा आला का हे पाहायला उठलेल्या. राबणाऱ्या हातांना निर्णयात जागा द्या. निवडणुकीला बायकांनी उभं राहावं म्हणून पाळकसाहेबांनी स्वतः घरी जाऊन सांगावं, कारण घरातल्या पुरुषांची नाराजी पाळकांच्या शब्दाने कमी होते. बैठका संध्याकाळी स्वयंपाकाच्या वेळी ठेवू नका. आमच्या बायका बोलत नाहीत अशी तक्रार मी ऐकते. त्यांना आधी कागद दाखवा, हिशेब समजावून सांगा, मग पाहा बोलतात की नाही. प्रेषितांच्या कृत्यांत आहे, यापो गावात विधवांना कपडे शिवून देणारी टबीथा वारली तेव्हा प्रेषित पेत्रासमोर तिने शिवलेले अंगरखे विधवांनीच उभं राहून दाखवले होते. तिचं काम काय होतं हे त्यांच्याइतकं कुणालाच माहीत नव्हतं.

आणि प्रभुभोजनाची तयारी. ती कमिटीने पाळीपाळीने करावी, पुरुषांनीसुद्धा, पाळकसाहेबांनीसुद्धा. आम्ही शिकवू. मनुका किती घ्यायच्या, फडकं कुठलं, पेले कसे धरायचे, सगळं दाखवू. पहिल्या वेळी रस सांडेल, पेला फुटेल, चालेल. ज्या हातांनी रविवारी भाकर मोडायची, त्यांनी शनिवारी मोरीवर बसायला हरकत कुठली? उपदेशात सांगून जे मंडळीला पटत नाही, ते या एका गोष्टीने पटेल असं मला वाटतं. शिवाय मोरीवर बसलात तर आम्ही ज्यांच्यासाठी प्रार्थना करतो ती घरंही तुम्हाला कळतील, आणि पाळकीय भेटी कुठे द्यायच्या हे विचारावं लागणार नाही.

काही पाळक हे सगळं आधीपासून करतात, त्यांचे उपकार मानल्याशिवाय राहवत नाही. एका खेड्यातल्या मंडळीत पाळकांना पहाटे विहिरीवरून पाणी आणून बेसिनं भरताना मी पाहिलं आहे, आणि तिथला केअरटेकर त्या वेळी आपल्या आजारी आईजवळ होता. अशा पाळकांची पत्नी आणि मुलंही पडद्यामागेच राबतात. बदलीच्या आदेशाबरोबर त्यांची शाळा आणि शेजार दोन्ही तुटतात. कमिट्यांनी त्यांच्या घराच्या गळक्या छपराचा विषय पुढच्या वर्षावर टाकू नये.

वार्षिक सर्वसाधारण सभेच्या विषयपत्रिकेवर मंडळीच्या सेवकांचा पगार आणि बचत हा विषय यंदा घ्या, आणि तो अखेरीस, सगळे उठायच्या घाईत असताना नको, पहिल्या तासात घ्या. ज्यांच्याविषयी बोलायचं त्यांना त्या सभेत खुर्ची द्या आणि आधी त्यांचं ऐका. महिला मंडळाच्या वतीने आमच्या मंडळीत मी हा अर्ज लेखी दिला आहे. तुमच्या मंडळीत कुणी दिला तर तो फाइलला लावून ठेवू नका, ही हात जोडून विनंती. डिसेंबरच्या पहिल्या प्रभुभोजनासाठी मनुका शनिवारी सकाळी भिजत पडतील. ज्यांना शिकायचं आहे त्यांनी संध्याकाळी पाच वाजता मागच्या खोलीत यावं.

प्रभूच्या सेवेतली तुमची बहीण,
महिला मंडळाची एक सभासद, अहिल्यानगर जिल्हा